रविवारी अकरा वाजता

शाळेत पोरं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. ‘रूल मॅडम’. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण व्हरांड्यातून ऐकू येतं. जाफराबाद तालुक्यातल्या तीन शाळांत इंग्रजी शिकवून झालं, आणि तिन्ही ठिकाणी हे नाव माझ्या आधी जाऊन बसलं होतं. घंटेनंतर येणाऱ्याला मी दारात उभं करते. वहीत समास सोडला नसेल तर वही परत. स्टाफरूममध्ये कुणी सही ठोकून सटकलं, तर मी तसं बोलून दाखवते, त्यामुळे माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी असते. मला त्याचं फार वाईट वाटतं असं नाही. थोडं वाटतं.

यंदा नववीच्या वर्गात मी एक उपक्रम सुरू केला. दर शनिवारी चिठ्ठी उचलायची, तिच्यातला साधासा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचे सापडतील तितके अर्थ फळ्यावर लिहायचे. एका शनिवारी नेमका ‘रूल’ निघाला. सगळा वर्ग माना खाली घालून खुसखुसला. मग मीही हसले, दुसरं करणार काय.

पहिला अर्थ नियम, तो सगळ्यांना येत होता. एकाने राज्य करणं सांगितलं, कारण टीव्हीवर सारखं ‘रूलिंग पार्टी’ म्हणतात. कुणी रूलवाली वही वर करून दाखवली. कोर्टाचा निकाल हाही अर्थ निघाला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मॅडम, आमच्या आज्याला गुरुजी रुळानं हाणायचे म्हनं. त्यो बी ह्यातलाच का?” मी म्हटलं, असावा, त्याच घराण्यातला वाटतो. शेवटी मी ‘ॲज अ रूल’ लिहिलं आणि पुढे ‘बहुधा, साधारणपणे’ असा अर्थ दिला. पुढच्या बाकावरची एक मुलगी लगेच उभी राहिली.

“मॅडम, रूल म्हंजे कायम ना? मंग साधारणपणे कसं काय? एक तर बराबर पाळायचा, न्हाईतर ठिवायचाच न्हाई.”

“इंग्रजांना विचार,” असं म्हणून मी तिला खाली बसवलं. पण तिचा राग मला कळला. तिच्या वयात मीही अशीच होते, आणि अजूनही फारशी बदललेली नाही.

याची सुरुवात वडिलांपासून म्हणावी, तर तसंही नाही. वडील आम्हा भावंडांना दर रविवारी विहारात न्यायचे. पाच शीलं आम्ही पाठ म्हणायचो. घरी येताना ते सांगायचे की ही कोणी आपल्यावर घातलेली बंधनं नव्हेत, ही आपली आपण घ्यायची असतात, आणि चुकलं तर पुन्हा घ्यायची. मी एवढंच ऐकलं की चुकायचं नाही.

लग्न होऊन मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या कपाटावर आतून कागद चिकटवला. जेवताना टीव्ही नाही, सातनंतर बाहेर नाही, रोज एक पान शुद्धलेखन, गोड फक्त रविवारी. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर होते. त्यांनी त्या कागदाखाली ‘मान्य’ लिहून झोकात सही केली आणि दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, भोकरदनहून जिलबी घेऊन आले. बापलेक दारामागे उभे राहून खात होते. मी दोन दिवस बोलले नाही. आता वाटतं, मीही दारामागे जायला हवं होतं, तिथे तिघांना जागा होती.

ते गेले त्याला आठ वर्षं झाली. मुलगी तेव्हा शिकत होती. पुढे तिला पुण्यात नोकरी लागली आणि घरात मी एकटी उरले. सुरुवातीला मी तिला दिवसातून पाच-सहा फोन करायचे. उठलीस का, डबा खाल्लास का, पोचलीस का. एकदा ती ऑफिसात सगळ्यांसमोर काहीतरी दाखवत होती, तिचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला होता, आणि त्या पडद्यावर माझा फोन वाजायला लागला. एकदा कापला तर मी पुन्हा केला, पुन्हा कापला तर पुन्हा. काहीतरी झालं असणार असं मला वाटलं होतं.

त्या संध्याकाळी ती रागावली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, “मम्मी, आपण एक रूल करू. रविवारी सकाळी अकरा. त्या वेळेला मी दुसऱ्या कुणाची नसते. काही झालं तरी बोलायचं.”

“बरं,” मी म्हटलं.

ते ‘बरं’ कसं होतं ते माझं मला माहीत. मला भयंकर लागलं होतं. आमच्या शाळेच्या फाटकावर मी स्वतः लिहवून घेतलेला बोर्ड आहे, ‘पालकांनी शनिवारी ११ ते १२ या वेळेत भेटावे’. त्याचा अर्थ, इतर दिवशी येऊन आमचं डोकं खाऊ नये. मुलीने माझ्यासाठी तसलाच बोर्ड लावला, असं मी समजले. ठीक आहे म्हटलं. रूल पाळणं मला कुणी शिकवायची गरज नाही.

मग चार वर्षं मी तो बराबर पाळला. रविवारी विहारात वंदना झाली की बायका जरा बोलत बसतात, पण साडेदहा झाले की मी चपला शोधायला लागायचे. माझ्या घराशेजारी एक शिवणकाम करणारी बाई राहते, माझ्याच वयाची. ती सगळ्यांसमोर म्हणायची, “जाऊ द्या बाई त्यांना, कलेक्टरचा फोन यायचाय.” मी घरी येऊन खुर्चीत बसायचे. अकराला मुलीचा फोन यायचा.

बोलायचं काय, याची मी आठवडाभर एका वहीत यादी करायचे. मंगळवारी काही गमतीचं घडलं की टिपून ठेवायचे. पण मंगळवारची गंमत रविवारपर्यंत विटून जाते. वाचताना आपल्याच लक्षात येतं की यात हसण्यासारखं काय होतं. मी एकामागून एक मुद्दे सांगायचे, ती ‘हो का’, ‘अरे वा’ म्हणायची. वीस मिनिटांत यादी संपायची. मग ‘ठेवू?’ ‘ठेव.’ उरलेला रविवार फार मोठा असायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी मी न्हाणीत घसरले. उजवं मनगट एवढंसं सुजलं आणि बघता बघता दुप्पट झालं. शेजारीण धावत आली. गावातल्या डॉक्टरांनी जालन्याला जायला सांगितलं, म्हणून आम्ही दोघी काळी-पिवळी जीपमध्ये बसलो. तिने ड्रायव्हरशी भांडून मला पुढची सीट मिळवून दिली. प्रत्येक खड्ड्याला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

“ताई, पोरीला फोन लावा,” ती म्हणाली.

“आज सोमवार आहे.”

“सोमवारी लागत न्हाई का तिकडं?”

“रविवारी सांगेन.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या डोक्यालाही मार लागलाय. “मला नंबर द्या, मी लावते.” मी दिला नाही. “लई आडमुठ्या हाव तुमी,” ती म्हणाली आणि माझा दुसरा हात जालन्यापर्यंत धरून बसली.

प्लास्टर घालून आम्ही परत आलो. मंगळवार, बुधवार, गुरुवार. एका हाताने डब्याचं झाकण निघत नाही. वेणी घालता येत नाही. शेजारीण भाकरी-भाजी आणून द्यायची, पण तिलाही तिची मशीन होती, गिऱ्हाइकं होती. शाळेतून दोघीजणी येऊन गेल्या, खुर्चीच्या कडेला बसल्या, चहाही न घेता निघाल्या. संध्याकाळी मी फोन मांडीवर घेऊन बसायचे. मुलीचा नंबर समोर दिसायचा. मला कोणी अडवलेलं नव्हतं. गुरुवारी मला रडू आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं, कारण ऐकायला कुणी नव्हतं. मला माझी मुलगी हवी होती. तरी मी बोट उचललं नाही.

रविवारी अकराला तिचा फोन आला. डाव्या हाताने लिहिलेली यादी पुढे होती. नववीची चाचणी, शेजारणीच्या सुनेला मुलगा, विहाराला नवा रंग, शाळेत पाण्याची टाकी. पाचव्या मुद्द्यावर मी सांगितलं, की माझा हात मोडलाय, प्लास्टर आहे, काळजीचं कारण नाही.



“कधी?”

“सोमवारी.”

“कोणत्या सोमवारी?”

“याच.”

“सहा दिवस झाले अन् तू मला सांगितलं न्हाई?”

पुण्याला गेल्यापासून ती ‘नाही’ म्हणते. ते ‘न्हाई’ ऐकून त्या क्षणी मला बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं. तिने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी होती, पाठीवर बॅग, तोंड सुजलेलं.

तिने पाणी तापवलं आणि मला पाटावर बसवून माझे केस धुतले. तिच्या लहानपणी मी तिचे धुवायचे तसेच, खसाखसा, जरा रागानेच. मग पुसता पुसता म्हणाली, “फोन का नाही केलास?”

“रविवारचं ठरलं होतं ना.”

“मम्मी, मी रविवारचं म्हटलं ते माझ्यासाठी म्हटलं. कामात आठवडे कसे जातात कळत नाही. निदान एक दिवस तरी चुकू नये म्हणून. बाकीचे सहा दिवस कुणी बंद केले होते?”

डोक्यावरून पाणी गळत होतं.

“पहिल्या वर्षी मी रोज सातला फोन जवळ घेऊन बसायचे,” ती म्हणाली. “वाटायचं, आता करशील. तू केलाच नाहीस. रविवारी बोलायचीस ते पण हजेरी घेतल्यासारखं. मग मला वाटलं, तुला एवढंच हवंय.”

“तू का नाही केलास?”

“तू रागावशील असं वाटलं. रूल मोडला म्हणून.”

ती हसत हसत म्हणाली, पण टॉवेल माझ्या डोक्यावर तसाच धरून उभी राहिली. मी तिला जवळ ओढायला हवं होतं. माझा चांगला हात त्या वेळी पाटाला टेकलेला होता आणि तो उचलेपर्यंत ती कंगवा आणायला गेली. चार वर्षं आम्ही दोघी दोन गावांत फोन घेऊन बसलो होतो, एवढं मला त्या दुपारी कळलं. दोष कुणाला द्यायचा म्हटलं, तर मलाच द्यायला हवा. बोर्ड मी लावला होता, तिने नव्हे.

ती गुरुवारपर्यंत राहिली. जाताना बसच्या खिडकीतून म्हणाली, “कधीही कर. खरंच, कधीही.” मी मान हलवली.

प्लास्टर निघालं, मी शाळेत जायला लागले. आणि एका मंगळवारी आमच्या शाळेत एक शेळी शिरली. भूगोलाच्या सरांनी रंगवून वाळत घातलेला महाराष्ट्राचा कागदी नकाशा तिने चघळायला घेतला. शिपाई धावेपर्यंत अख्खा विदर्भ आणि थोडा खानदेश तिच्या पोटात गेला होता. सर तिच्या मागे, पोरं सरांच्या मागे. मी कित्येक वर्षांत इतकी हसले नव्हते. घरी आले ती हसतच आले. वही काढली, पेन उघडलं, आणि मग पेन मिटून ठेवलं. साडेपाच वाजले होते. ही गंमत आज सांगायची, ताजी ताजी. मी नंबर लावला.

पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“मम्मी? काय झालं?”

“काही नाही.”

“पडलीस का परत? हात?”

“हात बरा आहे. काही नाही झालं.”

“मग? कोण गेलं?”

“अगं कोणी गेलं नाही. सहज केला.”

“सहज?” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, मग तिच्या पायांचा, भरभर चालल्याचा. तिला धाप लागली होती. “मम्मी, खरं सांग. मला घाबरवू नको. मी निघू का आत्ता? शेजारच्या मावशी आहेत का तिथं? त्यांना दे फोन.”

मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. तिला पटेना. मंगळवारी साडेपाचला माझा फोन येतो, याचा तिच्यापाशी एकच अर्थ होता. शेळी माझ्या अगदी ओठांवर आली होती, पण इतक्या घाबरलेल्या जीवाला शेळीची गोष्ट कशी सांगणार.

“काही नाही गं,” मी म्हटलं, “गॅसचं बुकिंग फोनवरून कसं करतात, ते विचारायचं होतं.”

तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला इथे ऐकू आला. “एवढंच ना? बाप रे! किती घाबरले मी.” मग ती हसली आणि मला समजावू लागली, आधी कोणता नंबर लावायचा, मग कोणतं बटण दाबायचं, मग काय. मी मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होते. तिचा आवाज इतका मायेचा होता की मी दोन गोष्टी मुद्दाम पुन्हा विचारल्या.

“कळलं ना?”

“कळलं.”

“ठेवू? मीटिंग सोडून आलेय.”

“ठेव.”

तिचे वडील गेल्यापासून, आठ वर्षं, गॅस मीच बुक करते आहे.