धोंडीवर ओतलेलं तांब्याभर पाणी

पाऊस येऊ नये म्हणून हात जोडणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? आणि तीही मोताळ्याच्या कोरड्या रानात?

माझी माय हात जोडायची. माझा दादा दर वर्षी कापूस वेचून झाला की मुकादमाबरोबर कोकणपट्टीत मिठागरावर जायचा. महाराष्ट्र झाला तेव्हा तो हसत म्हणाला होता, "आता समिंदर बी आपलाच हाये." येताना खडामीठ आणायचा, मजुरांच्या सभेत वाटलेल्या पत्रकांत बांधून. मीठ माय मडक्यात भरायची, कागद मला मिळायचे. मी वाचायला शिकले ती त्या खारट कागदांवर.

मिठाचं कामही त्यानंच चुलीपुढे बसून समजावलं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवत आटवायचं. उत्तरेचा कोरडा वारा असला की पांढरा दाणा धरतो. आभाळ आलं की पाणी नुसतंच पडून राहतं. आणि एखादी अवकाळी सर आली, तर सगळी मेहनत पुन्हा पाणी होते. तेव्हापासून उन्हाळ्यात ढग दिसला की गाव सुखावायचं आणि माय देवापुढे उभी राहायची.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आमच्या पेरण्या अडल्या. तिकडेही पाऊस नव्हता, म्हणून मिठागराच्या मालकानं काम थांबवलंच नाही. एरवी या दिवसांत घरी असणारा दादा वाफ्यातच राहिला. मीठ उचलून गवतानं झाकलं की येतो, असा त्याचा निरोप आला.

इकडे धोंडी निघाली. अंगाला कडुनिंबाचा पाला बांधलेली पोरं दारोदार फिरतात, घरची बाई त्यांच्या डोक्यावर पाणी ओतते, मग पाऊस येतो अशी समजूत. धोंडी आमच्या दाराशी थांबली. माय उठली नाही.

"काऊन वो, घरातलं पाणी आटलं काय?" शेजारची काकू म्हणाली.

"चार दिस थांबा बाई. लेकाचं मीठ उचलू द्या."

"हाव, तुह्या लेकाच्या मिठासाठी आमी ढेकळं खावं काय?"

मागून एकीनं टोला हाणला, "मीठच पेरून टाका न मंग वावरात."

बाया हसल्या. माय ओशाळली, तिनं तांब्या भरून आणला आणि ओतला.

अमावास्येला तिकडे उधाण आणि पाऊस एकदमच आले. पश्चिमेचा वारा समुद्राचं पाणी मिठागराच्या बांधावर लोटत होता. मालकानं माणसांना चिखल टाकून बांध उंच करायला त्याच बांधावर उभं केलं. बांध फुटला. दादा वाहून गेला. सोबत गेलेल्या गावकऱ्यानं हे दाराशी येऊन सांगितलं, तेव्हा आमच्याकडेही पाऊस पडत होता. लोक पेरणीसाठी तिफणी बाहेर काढत होते.

"म्याच वतलं," माय एवढंच म्हणाली.

दादाला उधाणानं नेलं असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. उधाण कधी येणार हे मालकाला ठाऊक होतं. बांध कच्चा आहे हेही ठाऊक होतं. वारा फिरताच माणसं खाली उतरवता आली असती. मी मायला हे सगळं सांगितलं, पत्रकात लिहावं तसं, ठासून. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुनं समिंदर पाह्यला काय?"

मी पाहिला नव्हता. दादा सांगायचा तेवढाच मला माहीत.

आता ती कुणाला आपल्या हातानं पाणी देत नाही. वाटसरूनं मागितलं तर मला हाक मारते.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी समुद्राकाठचं असेल आणि कधी मोताळ्याच्या बाजाराला आलात, तर मिठागरात लेक गमावलेल्या बाईचं घर विचारा. मी पुढे आले तरी माझ्याकडून घेऊ नका, तिच्याकडेच पाणी मागा. ती आत जाईल, तरी दारातून हलू नका. तिनं दिलेलं पाणी तिच्यासमोर प्या, आणि मग तिला सांगा की तुम्ही समुद्र पाहिला आहे.