खालच्या मजल्यावरची संशोधक

सावेडीत आमच्या खालच्या मजल्यावर या संशोधक मुलीची आई राहते. मुलगी पुण्याहून दर रविवारी येते. बोलता बोलता समोरच्याचा हात हातात घेऊन बोटांची पेरं हलकेच दाबून बघायची तिला सवय आहे. ती कर्जतला डॉक्टर असताना आईची बोटं आमवातानं वाकडी झाली. रोगांशी लढणारी शक्ती आपल्याच सांध्यांवर का उलटते, हे कुणाला सांगता येईना, म्हणून ही चालता दवाखाना सोडून प्रयोगशाळेत गेली. आई म्हणते, "समदे म्हनले, येडी हाय पोरगी."

यंदा तोच आजार मला निघाला. रविवारी ती वर आली तेव्हा मी विचारलं, "माझीही बोटं तशीच होणार का गं?"

"काकू, औषधं आता चांगली आहेत, लगेच सुरू करा. पण पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. आम्ही अजून शोधतोय."

माझे डोळे भरून आले. ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी आत डोकावले. ओट्यावर माझ्या सगळ्या बरण्या मांडून ती एकेकीचं झाकण सैल करत होती.

"अगं, हे कशाला?"

"आईकडेही करते," ती मान वर न करता म्हणाली. "शोध लागेल तेव्हा लागेल काकू. तोवर एवढं तरी जमतं मला."