नुसता रस्ता दाखवणारा माणूस

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची आमच्या ह्यांना भारी हौस. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर ओढलं, की घरी येऊन स्वतःच्या वेबसाइटवर बसायचं आणि कुणाकुणाच्या अडचणी फुकटात सोडवायच्या.

त्या साइटवर एक लिंक होती. एका देशातली सिनेमाची डिस्क दुसऱ्या देशात चालू नये म्हणून कंपनीनं घातलेलं कुलूप उघडणारा प्रोग्रॅम कुठे मिळतो, ते सांगणारी. प्रोग्रॅमवर बंदी. "मी कुठे विकतोय? नुसता रस्ता दाखवतो," हे म्हणायचे. मग एक वकील मित्र म्हणाला, "चोराला घर दाखवणाराही अडकू शकतो. कोर्ट काय म्हणेल, मी नाही सांगू शकत." झालं! लिंक उडाली आणि संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. दुधानं तोंड पोळलंही नव्हतं, तरी हे ताक फुंकायला लागले. कुणी त्या प्रोग्रॅमबद्दल विचारलं, की तो कंपनीचा हेर. नम्रपणे विचारलं, तर नक्कीच हेर. दुकानासमोर घुटमळणाऱ्या एकाला बघून ह्यांनी दार आतून लावलं. तो बिचारा प्रिंटर घेऊन आला होता.

आमच्या लेकीनं ह्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि परदेशी गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. गेल्या महिन्यात मात्र ह्यांनी नातवासाठी कार्टूनची डिस्क पाठवली. चिठ्ठी नाही, काही नाही. पत्ता मला विचारावा लागला म्हणून कळलं, नाहीतर तेही कळलं नसतं. मला इतकं बरं वाटलं!

काल संध्याकाळी हे फोन नाचवत स्वयंपाकघरात आले. "बघ, कसले पाताळयंत्री लोक आहेत!"

अनोळखी नंबरवरून मेसेज होता. 'बाबा, तुम्ही पाठवलेली डिस्क इथे उघडत नाही. तुमच्या साइटवरची ती लिंक आता दिसत नाही. पाठवता का?'

"मुलीचं नाव पुढे करतायत," हे म्हणाले. "डिस्कचंही कळलंय. पार्सलं फोडतात वाटतं."

"अहो, पण तीच असेल तर?"

"ती मला कशाला लिहील?" ह्यांचा आवाज जरा खाली आला.

"उत्तर दिलंत?"

"दिलं की, सडेतोड. असला प्रोग्रॅम मला माहीत नाही, आणि मला मुलगीही नाही."

मी गॅस बंद केला. तेवढ्यात माझा फोन वाजला. त्याच अनोळखी नंबरवरून. उचलला, तर लेकीचा आवाज. मी तो तसाच ह्यांच्या कानाला लावला.

मीच आहे असं समजून ती रडत विचारत होती, "आई, बाबांनी खरंच असं लिहिलं?"