चौथ्या मजल्यावरची ऑर्डर

मास्तरीणबाईंना बाहेरच्या खाण्याची चटक लागली, ही बातमी फोडली तळमजल्यावरच्या दवंडीकाकूंनी. काकूंचं खरं नाव त्यांच्या नवऱ्याला तरी आठवत असेल का, शंकाच आहे. इमारतीत कोणाकडे पाहुणा आला, कोणाचा गॅस संपला, कोणाच्या सुनेनं कोणाशी बोलणं टाकलं, हे त्या त्या घराच्या आधी काकूंना कळायचं. त्यांच्या खिडकीला पडदा होता, पण त्याला बिचाऱ्याला कधी मिटायची सवडच मिळाली नाही.

"संध्याकाळ झाली की एक पिशवी वर जाते," काकू जिन्यात म्हणाल्या. "मास्तर होते तेव्हा ही बाई शिळा भात फोडणीला टाकून वर त्याचं कौतुक करायची. आता बघा."

"खाऊ दे की हो. एकटीच तर आहे," दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली.

"खाऊ दे ना. मी कुठे तिचे घास मोजायला बसलेय? आपलं सांगितलं."

काकूंनी असं 'आपलं सांगितलं' की दिवेलागणीपर्यंत ते गच्चीवरच्या टाकीलासुद्धा कळलेलं असायचं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीतले. चौकाच्या तोंडाशी त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. बसल्या जागेवरून रस्त्यावरच्या चालत्या माणसाची पाठ बघून ते म्हणायचे, "हा आपला. डावा खांदा उतरलाय, मीच सावरून घेतलाय." चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत; सख्ख्या मेहुण्याला त्यांनी एकदा "कापड आणलंय का?" म्हणून विचारलं होतं. काज, बटणं, पायपट्ट्या हे खातं मास्तरीणबाईंचं. आणि कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात जो वाढला, तो त्यांचा एकुलता एक. लहानपणी तिथंच कात्री लागून त्याच्या उजव्या भुवईत एक फट पडली होती. त्याला सगळे छोटे मास्तर म्हणायचे.

मग लोक कपडे फोनवरून मागवायला लागले. सुरुवातीला मास्तरांची चांदीच झाली. कपडे यायचे कुठल्या तरी परक्या मापाचे आणि माणसं होती तशीच, आपापल्या पोटांसकट. त्यामुळे कमरेत सोडा, बाहीत घ्या, ही कामं इतकी आली की मास्तरीणबाईंचं बोट सुईनं चाळण झालं. पण कंपन्या शहाण्या. मापात बसलं नाही तर फुकटात परत न्यायला त्यांनी सुरुवात केली, आणि दुकानातला बाक रिकामा पडला.

"बाबा, आपणही फोनवर जाऊ," पोरगा म्हणाला.

"मी शिवू की फोनवर बसू?"

"तुम्ही शिवा. बाकीचं माझ्यावर सोडा."

मास्तरांनी सोडलं. पहिले शर्ट त्यांनी असे शिवले की जणू गिऱ्हाईक नव्हे, जावईच येणार आहे. पोरानं गच्चीत दोरीवर अडकवून त्यांचे फोटो काढले. ऑर्डरी आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ शर्टही आले परत. कोणी एक संध्याकाळ मिरवून अत्तराच्या वासासकट परत पाठवला, कोणाला फोटोतला निळा आणि हातातला निळा वेगळा दिसला. परत पाठवताना माणसं एक तारा द्यायची. एक तारा पडला की कंपनी मुकाट्यानं नग उचलायची आणि त्यांना दुसरा पाठवायची. ही रीत मास्तरीणबाईंना तोंडपाठ झाली, कारण परत आलेली खोकी फोडून, शर्ट धुऊन, इस्त्री करून पुन्हा घडी घालायला त्याच होत्या. घरात खोक्यांतून वाट काढत न्हाणीघरात जावं लागायचं. दुकान सुटलं. मास्तर खुर्चीत बसून फोनवरचे शेरे वाचायचे. कोणी तरी लिहिलं होतं, 'शिवण बेकार.' ते वाचून मास्तरांनी दिवसभर मशीनला हात लावला नाही.

एका सकाळी ते त्याच खुर्चीत गेले. चहा देताना मास्तरीणबाईंना कळलं.

जिन्यापर्यंत माणसं जमली होती. पोरगा दारातून आत आला, आणि त्या सगळ्यांदेखत मास्तरीणबाई त्याला म्हणाल्या, "तुझ्या फोननं खाल्लं त्यांना. मला तोंड दाखवू नकोस."

दुःखात माणूस वाटेल ते बोलतो, आणि लोकही ते सोडून देतात. दवंडीकाकूंनीसुद्धा, एवढा ऐवज हाती लागूनही, हे वाक्य कोणाला सांगितलं नाही. पण ज्या पोरानं जन्मभर आईचं एक ऐकलं नव्हतं, त्यानं नेमकं हे ऐकलं. वडलांचं सगळं उरकून तो गेला तो गेलाच. फोन नंबरही बदलला.

पुढच्या वर्षी काकूंनी खबर आणली. त्या मुद्दाम चार मजले चढून आल्या, म्हणजे खबर तशीच असणार.

"पाहिला मी. सिग्नलला होता. पाठीवर तो हिरवा डबा, जेवणं पोचवतात ना, तो."

मास्तरीणबाईंनी मशीनचा पाय थांबवला. "कसा दिसत होता?"

"हेल्मेट होतं. पण काच वर केलेली, आणि ती भुवई लपते का?"

"थांबवलं नाहीत?"

"अगं बाई, मी रिक्षात, तो गाडीवर, सिग्नल सुटलेला. काय उडी मारू?"

मास्तरीणबाईंनी रात्रंदिवस त्यावर विचार केला आणि त्यांना जो उपाय सुचला तो सरळ होता. पोरगा जेवण पोचवतो. आपण जेवण मागवायचं. कधी ना कधी दाराची बेल वाजेल आणि दारात तो असेल. मग त्याला ते वाक्य परत घेतल्याचं सांगायचं. पँटची चेन बदलून घ्यायला आलेल्या एका मुलीकडून त्यांनी त्या हिरव्या कंपनीचं ॲप फोनवर घालून घेतलं. मागवायचं ते सूप, सगळ्यात लहान. त्यांच्या मते ते भांडी विसळल्याचं पाणी होतं, त्यामुळे ते खाली वॉचमनकडे जायचं. वॉचमन अंगानं भरला आणि त्याची बायको काकूंना विचारू लागली की ही चौथ्या मजल्यावरची बाई माझ्या नवऱ्याला एवढं का खाऊ घालते.

पहिल्या दिवशी आला तो भलताच, दाढीवाला, घाईतला. पिशवी हातात देऊन तो पळाला आणि फोननं विचारलं, डिलिव्हरी कशी वाटली? खाली पाच रिकामे तारे.

हे कोडं मास्तरीणबाईंना पडलंच नाही. घरात त्यांनी खोक्यांच्या ढिगात हेच तर पाहिलं होतं: चुकीचा नग आला की एक तारा द्यायचा, म्हणजे कंपनी तो मागे घेते आणि दुसरा पाठवते. त्यांनी एक तारा दिला. मनात राग नव्हता. दाढीवाला चांगलाच होता. पण आपला नव्हता.

मग एक बाई आली, तिला एक तारा. भिजून आलेला कोणी, त्याला टॉवेल दिला, आणि एक तारा. असे बरेच झाले. पुढे पुढे मात्र एकच येऊ लागला, जाड भिंगांचा चष्मेवाला. चार मजले चढून तो इतक्या धापा टाकायचा की मास्तरीणबाई त्याला स्टुलावर बसवून पाणी द्यायच्या.

"लिफ्ट नाही ना, मावशी?"

"आहे की. बिल्डरच्या नकाशात."

तो हसायचा. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्यात एक आहे का रे, भुवईत फट पडलेला?"

चष्मेवाल्यानं पाण्याचा घोट तोंडातच धरला. मग गिळून म्हणाला, "आम्ही हेल्मेटात असतो, मावशी. एकमेकांच्या भुवया कोण बघतंय?" जाताना मात्र तो उंबऱ्यात घुटमळला. "काही निरोप आहे का? म्हणजे, भेटलाच कोणी असा, तर?"

"निरोप काय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ज्याचं त्यालाच सांगायचंय."

दार लावून त्यांनी फोन घेतला. याच पोराला परतपरत का पाठवतात, त्यांना कळेना. कंपनीच्या लक्षात येत नसेल म्हणून त्यांनी तारा जरा जोरानं दाबला.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी बेल वाजली. ऑर्डर नव्हती. कोणी तरी पँट घेऊन आलं असेल म्हणून त्या गळ्यात टेप तशीच ठेवून उठल्या.

दारात तो होता. डबा नाही, हेल्मेट नाही. गालाची हाडं वर आली होती.

"ये," मास्तरीणबाई म्हणाल्या. एवढंच निघालं.

तो आत आला, पण बसला नाही. "आई, तुझा फोन दे."

"पाणी घे आधी."

"फोन दे. तू त्या चष्मेवाल्याला काय दिलंस?"

"काय दिलं? पाणी दिलं. एकदा बिस्किटं दिली."

"तारे किती दिलेस?"

"एक."

"दर वेळी?"

"हो. का?"

"त्याचं काम बंद केलं कंपनीनं. त्याला कोणी वाली नाही इथं. माझ्या खोलीत राहतो तो, आई. आमच्या सगळ्यांच्या ग्रुपवर तुझा पत्ता आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही, म्हातारी एक तारा देते, घेऊ नका. कोणी यायला तयार नव्हतं तुझ्याकडे. तो मुद्दाम घ्यायचा. म्हणायचा, तुझी आई आहे, मी बघून येतो कशी आहे ते."

मास्तरीणबाईंनी मशीनचा कोपरा धरला. "पण तो चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "म्हणजे, तो तू नव्हतास. चुकीचं आलं की एक द्यायचा ना? मग दुसरं पाठवतात. आपल्याकडे नाही का…"

त्या थांबल्या, कारण पोराचा चेहरा बदलला. ती रीत घरात कोणी आणली, हे त्यालाही माहीत होतं. तो हळूच स्टुलावर टेकला. हसतोय की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं. त्याचे खांदे हलत होते. मग दिसलं की हसत नाहीये.

"त्यात परत करायचं नसतं, आई."

"मग आता बदल. पाच कर. सगळ्यांना पाच कर."

त्यानं प्रयत्न केला. फोन म्हणत होता, मुदत संपली. मदतीच्या जागी त्यानं सगळं लिहिलं, तर उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्यानं पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा तेच आलं.

"मी त्याच्यासमोर येते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पाया पडते."

"नको. तो काही बोलत नाहीये मला. तेच वाईट आहे." मग फोनकडे बघतच तो म्हणाला, "तुझी पहिली ऑर्डर माझ्याकडेच आली होती. पत्ता बघितला आणि सोडून दिली. तू म्हणाली होतीस ना."

आता बोलायचं होतं. एवढ्या सुपांमागे जे होतं ते समोर स्टुलावर बसलं होतं, हाताच्या अंतरावर. मास्तरीणबाईंनी तोंड उघडलंही. पण वाक्य परत घ्यायचं म्हणजे ते पुन्हा उच्चारायचं, आणि ते काही त्यांच्या जिभेवर येईना.

"हे काढून टाकतो," तो म्हणाला. "उगीच आणखी कोणाचं नको व्हायला."

"ते काढलंस तर…"

"तर काय?"

"काही नाही. काढ."

त्यानं ॲप काढलं आणि फोन मशीनवर ठेवला. उठला तेव्हा पँट खाली घसरली आणि त्यानं सवयीनं वर ओढली. मास्तरीणबाईंना शब्द सापडले ते हेच.

"कमरेत सैल झालीय. दे, आत्ता घेऊन देते. बस पाच मिनिटं."

"नको. पट्टा आहे."

पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं एक जादा भोक होतं, वेडंवाकडं. ते बघत त्या दारापर्यंत त्याच्यामागे गेल्या. नंबर मागावा असं वाटलं. तो स्वतःहून देईल म्हणून थांबल्या. त्यालाही काही वाटलं असेल, कारण दुसऱ्या मजल्यावर पावलं थोडी थबकली. पण मग ती खाली गेली.

मास्तरीणबाई जिन्याच्या कठड्यावरून वाकल्या. खालून वॉचमनचा आवाज आला. तो मास्तर गेल्यानंतर कामाला लागलेला, पोराला ओळखत नव्हता.

"कोणाकडे गेला होतात?"

"चौथ्या मजल्यावर. डिलिव्हरी होती."

"आज पिशवी नाही दिसली ती?"

फाटक वाजलं, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. दवंडीकाकू खिडकीतच होत्या, आणि भुवई त्यांना चांगलीच ओळखीची होती. त्या पायपुसणं झटकायच्या निमित्तानं दारात आल्या, वर बघितलं, कठड्यावर वाकलेल्या मास्तरीणबाई दिसल्या. वॉचमननं त्यांना विचारलं, "कोण होता हो तो?" तर म्हणाल्या, "असेल कोणी. पाणी आलंय का बघ."