आईच्या नावाचं पाणी

"हितंच होतं की गं बाईच्या नावाचं पाणी. नेलं वाटतं उचलून."

हातात रिकाम्या बाटल्या घेऊन दोन बायका आमच्या फाटकाबाहेरच्या रिकाम्या चौथऱ्यापाशी उभ्या होत्या. मी खिडकीत होते. काहीतरी सांगायला हवं होतं. निपाणीची बस आली, त्या चढल्या, आणि मी पडदा नीट केला.

पाणी कुणी नेलं नव्हतं. ते मागच्या खोलीत होतं, अण्णाच्या कॉम्प्युटरला जोडलेलं.

शेवटच्या वर्षी आई डायलिसिसवर होती. दिवसाला किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, आणि तिला हवं असायचं फ्रीजमधलं, दात शिवशिवतील असं गार. माझे वडील आप्पा, अण्णा आणि मी, तिघंही नाही म्हणायचो. वर्षश्राद्धाला आप्पांनी फाटकाबाहेर चौथरा बांधून त्यावर स्टीलचा वॉटर कूलर बसवला. वर आईचं नाव, खाली दोन नळ. पहिला पेला त्यांनी कोगनोळी नाक्याकडून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला दिला. त्यानं तो एका दमात संपवून दुसरा मागितला, तेव्हा आप्पा पेला माझ्या हातात देऊन आत निघून गेले.

पुढे हायवेच्या कामात बाहेरची पाण्याची लाईन तुटली. कूलर तात्पुरता म्हणून आत आला. लाईन जोडून मिळाली तरी तो आतच राहिला, चादरीखाली.

माझा मोठा भाऊ, अण्णा, घरून व्हिडिओ एडिटिंग करतो. उन्हाळ्यात त्याचा कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायचा आणि केलेलं काम जायचं. या उन्हाळ्यात त्यानं चादर काढली. कूलरच्या टाकीत फिश टँकचा पंप सोडला, दोन नळ्या प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यापर्यंत नेल्या. एकीतून गार पाणी जायचं, दुसरीतून उष्णता घेऊन परत टाकीत. पाणी फार गार झालं तर नळ्यांना घाम सुटून थेंब बोर्डावर पडतात, म्हणून त्यांना फोम गुंडाळला. नळ्या मीच धरल्या होत्या. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला नाही.

त्रास झाला तो आवाजाचा. कॉम्प्रेसर थांबताना टाकी एकदा हलायची, पाणी मागण्याआधी आई खाटेवर कूस बदलायची तशी. तेवढ्यानं मी हातातलं टाकून उठायची. एका दुपारी अशीच गेले, तर खोलीच्या दारात आप्पा.

"मांजर शिरलं काय बघायलोय," ते म्हणाले.

त्यांच्या हातात पाण्यानं भरलेलं फुलपात्र होतं. मी बाजूला झाले.

त्यानंतर मी त्या खोलीत जाणं टाळलं. पण भिंतीपलीकडून पाण्याची सळसळ ऐकू यायचीच. तेच पाणी सारखं फिरत होतं आणि एका घोटानंही कमी होत नव्हतं. बाहेर लोक चौथऱ्यापर्यंत येऊन परत जात होते.

गेल्या शनिवारी अण्णा निळ्या औषधाची बाटली घेऊन आला. "टाकीत शेवाळ धरायलंय. हे घातलं की कटकट मिटली."

आप्पा दारातच उभे होते. "मग त्यातलं पाणी परत प्यायला चालतंय काय?"

"न्हाय आप्पा, विषारी असतंय हे. टाकी बादच म्हणायची. पण आता पितंय कोण?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "पितंय कोण." आणि आत येऊन कूलरवरच्या आईच्या नावावरची धूळ अंगठ्यानं पुसू लागले.

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. "तू बोल की गं काहीतरी. का मराठी कळंना झालंय, इंग्रजीत विचारू?"

मी नुसती हसले. एरवी माझ्या गप्प बसण्यालाच घरात होकार समजतात. अण्णानं बाटलीचं बूच काढलं, टाकीचं झाकण बाजूला केलं. तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबला आणि टाकी हलली. आप्पांचा अंगठा जागच्या जागी थांबला. अण्णाचाही हात थांबला. आवाज त्यालाही तसाच ऐकू येत होता, हे मला तेव्हा कळलं. तिघांपैकी कुणी कुणाकडे बघेना. मग त्यानं मान झटकली आणि बाटली टाकीवर कलती केली.

"ओतू नको, अण्णा," मी म्हणाले. "आई अजून पाणी मागायलीय."