लाल आभाळाचं बंदर

भिंतीवरच्या चित्रातल्या जहाजांवर ते उजव्या हाताचा तळवा ठेवत आणि वर्गाकडे वळून विचारत, "जहाजं झाकले. आता सांगा, काय उरलं?"

नवीन पोरं म्हणायची, "आभाळ." "पाणी." एखादा आगाऊ म्हणायचा, "सर, तुमचा हात."

"हात तं उरनारच, बाप्पा. पन पाहून कसं वाटून राह्यलं, ते सांग."

आमच्या अमरावतीच्या शाळेतले हे ड्रॉइंगचे सर. तुमच्याही शाळेत असे एक सर असतीलच. त्यांची खोली जिन्याशेजारी कुठेतरी असते, वर्षभर त्यांना कुणी विचारत नाही आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मात्र त्यांच्यावाचून सगळ्यांचं अडतं. मी गणित शिकवते. स्वभावाने तिखट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे इतरांना सांगण्याची तसदी नको. ड्रॉइंगचा तास म्हणजे पोरांनी हात रंगवून माझ्या तासाला उशिरा येण्याचं कारण, एवढंच माझं मत होतं.

ते चित्र त्यांना अकोल्याच्या एका रद्दीच्या दुकानात मिळालं होतं. परदेशी कॅलेंडरचं पान. कुणा जर्मन चित्रकाराने काढलेलं बंदर. आभाळ लालभडक, त्यात शेंदरी पट्टे, पाणी हिरवंगार, जहाजं एका अंगाला कललेली, आणि धक्क्यावरची माणसं म्हणजे नुसते काळे फराटे. सरांनी ते स्वतः काच लावून फ्रेम केलं आणि ड्रॉइंगच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलं.

"सर, पाणी हिरवं एक वेळ चालेल," मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "पण आभाळ असं कुठे असतं?"

"यानं डोळ्यानं नाई काढलं, मॅडम. पोटानं काढलं. कोनी जवळचं मानूस बंदरावरून गेलं असंन. तवा आभाळ असंच दिसते."

"तुम्ही समुद्र पाहिलाय?"

"नाई."

"मग तुम्हाला काय माहीत?"

"जानारं मानूस तं पाह्यलं न."

त्यांची बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण शब्द बाहेर पडून गेले होते. सर मात्र हसत होते आणि ब्रश धूत होते.

रंगाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "रंग खोटा चालते. वाटनं खोटं नाई चालत." वर्गात म्हणत, स्टाफरूममध्ये म्हणत, एकदा तर मुख्याध्यापिका मॅडमनी शाळेच्या भिंतींना कोणता रंग द्यावा असं विचारलं तेव्हाही म्हणाले. मॅडमनी पिवळा दिला.

एका वर्षी आम्ही मुलांना मेळघाटात सहलीला नेलं होतं. परतताना परतवाड्याला आमची बस बिघडली. दुसरी यायला दोन तास लागणार होते. मी मुलांना मोजून मोजून वैतागले होते. सरांनी सगळ्यांना स्टँडच्या कठड्यावर ओळीने बसवलं, कागद वाटले आणि म्हणाले, "आपल्या वऱ्हाडात समुद्र नाई. पन बंदर हाय. हे पाहा. मानसं येऊन राह्यले, मानसं जाऊन राह्यले. काढा."

पोरं मान खाली घालून काढू लागली. समोर जीपवाले ओरडत होते, कुणी पोरीला सासरी पोचवायला आलेलं, कुणी टपावर पोती चढवत होतं. कठड्याशेजारी एक माळीण टमाट्यांची टोपली घेऊन बसली होती. आमच्या आठवीतल्या एका मुलीने तिचं चित्र काढलं, ते बाईने वाकून पाहिलं आणि ती भडकलीच.

"ओ मास्तर! माये टमाटे लालभडक हायेत अन् या पोरीनं काळे कावून काढले?"

सर उठून तिच्याजवळ गेले. "मावशी, सकाळपासून खपले का?"

"कुठं खपले! उन्हात बसून बसून जीव गेला माया."

"मंग पोरीले तेच दिसलं असंन."

बाईने पुन्हा चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पोरगी हुशार हाय." आणि पोरीला दोन टमाटे दिले. त्या दिवसापासून मी सरांची थट्टा करणं सोडलं असं नाही, पण जरा जपून करू लागले.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. साखर जुनी होती, तिने डोळ्याचा पडदा खाल्ला. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चालणं-फिरणं नीट होतं, माणसं आवाजावरून ओळखत. एवढंच दिसे की मस्टरवर सही करताना नाक अगदी कागदाला लावतात. आम्ही म्हणायचो, चष्मा बदला सर. ते म्हणायचे, बदलतो.

एकदा मी काही निरोप घेऊन ड्रॉइंगच्या खोलीत गेले. दुपारचा तास होता. सर आठवीला चित्रासमोर उभं करून सांगत होते, "पाहा हे आभाळ. कसं पेटल्यावानी लाल हाय. अन् त्याच्याखाली हे हिरवं पानी."

मी सहज चित्राकडे पाहिलं. ते निळं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून वर्षानुवर्षं आलेल्या आमच्या अमरावतीच्या उन्हाने त्यातला लाल आणि पिवळा पार खाऊन टाकला होता. आभाळ फिकट निळं, पाणी निळं, जहाजं काळीनिळी. लालाचा टिपूस उरला नव्हता.

मला वाटलं, आता पोरं फिदीफिदी हसतील. एकही हसलं नाही. सगळी त्या निळ्या आभाळाकडे एकटक पाहत होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं.

"सरले रंग नाई दिसत आता, मॅडम," ती म्हणाली. "कोनाले सांगू नका."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. ते मागतात ते बाटली आमीच हातात देतो. झाकनावर मोठ्या अक्षरात नावं लिहून ठेवले."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कोनीच नाई."

ही तीच पोरं, ज्यांच्या पोटात चाचणीच्या तारखेएवढी गोष्टसुद्धा तासभर टिकत नाही. चाळीस जणांनी महिनोन्‌महिने हे सांभाळलं होतं. मी त्यांना वर्षभर रागावत आले होते, त्याची मला त्या दिवशी लाज वाटली. वर कळलं असतं तर सरांना वर्गातून काढून ऑफिसात बसवलं असतं, आणि ते त्यांना सहन झालं नसतं. मीही गप्प राहिले. एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

फेब्रुवारीत एकदा सर स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी आले. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घेतली.

"मॅडम, एक विचारतो. ते चित्र उन्हानं उडालं तं नाई न? तुमीच सांगा. तुमी कोनाची भीड नाई ठेवत."

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही हो सर. आहे तसंच आहे."

"लाल हाय?"

"लाल आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि इतके निश्चिंत होऊन गेले की मला माझाच चांगुलपणा आवडला. तोंडावर बोलणारी म्हणून माझी ख्याती. आयुष्यात एकदा मऊ वागले, तर ते चुकीच्या जागी.

पुढच्या महिन्यात आठवीत एक नवी मुलगी आली. वडिलांची तेल्हाऱ्याहून बदली झाली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं, असं पोरं नंतर रडत रडत म्हणाली. सरांनी नेहमीप्रमाणे जहाजांवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता हे लाल आभाळ पाहून कसं वाटते?"

"सर, लाल कुठं हाय?" ती मुलगी म्हणाली. "हे तं निळं हाय."

तिच्या शेजारणीने तिला चिमटा काढला. ती म्हणाली, "चिमटे कावून घेतं? निळंच हाय न!"

मी तिथे नव्हते. पोरांनी सांगितलं ते असं की सरांनी हात काढला नाही. चित्रावरच ठेवून त्यांनी विचारलं, "सगळं?"

"हो सर. सगळं."

"कवापासून?" हे त्यांनी वर्गाला विचारलं.

सरांनी त्या मुलीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू खरं बोलली. बस." मग तास संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. पोरं आपापली चित्रं काढत राहिली, पण कुणाचंच पुरं झालं नाही.

तिथून ते थेट मुख्याध्यापिकांकडे जाऊन डोळ्यांचं सगळं सांगून आले. त्या भल्या बाई. ग्रंथालयात बसा म्हणाल्या, उरलेलं वर्ष निघून जाईल. सर नको म्हणाले. रजेचा अर्ज त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. मी लिहिला, त्यांनी सही केली. मग खिशाला पेन लावत म्हणाले, "लेकरांचं समजू शकतो मी. तुमी कावून, मॅडम?"

मी अर्जाची घडी घालून पाकिटात सरकवली. ते अकोल्याला बहिणीकडे राहायला गेले.

चार महिने मी फोन उचलायचे आणि खाली ठेवायचे. शेवटी एका रविवारी एसटीत बसले. शाळेत रंगकाम निघालं होतं, ते चित्र रद्दीत चाललं होतं, ते मी ठेवून घेतलं होतं. द्यायला जाते असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माफी मागायला निघाले होते.

बहिणीने चहा ठेवला. सर ओसरीत बसले होते, गळ्यातल्या पंच्याने चष्मा पुसत. आता चष्म्याचा उपयोग नव्हता, सवय होती.

मी म्हणाले, "सर, चित्र आणलंय. आणि माझं चुकलं."

"चुकलंच," ते म्हणाले. एवढं सरळ म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. "डॉक्टरनं मले सांगतलं होतं, रंग जातील म्हनून. त्याची तयारी होती. पन मी रोज त्या चित्रासमोर उभा राहून लाल लाल करत होतो, अन् लेकरं निळ्याकडं पाहून मान हालवत होते. अशानं मानूस एकटा पडते, मॅडम. सगळे मिळून त्याले एकटं पाडतात, अन् जीव लावून पाडतात."

"त्यांचा जीव खोटा नव्हता."

"नाई. तो खरा होता. म्हनूनच तं राग नाई धरता येत."

थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. "आनलं न? द्या." फ्रेम मांडीवर घेतली, काचेवरून बोटं फिरवली. "आता जसं हाय तसं सांगा. काहीच सोडू नका."

आयुष्यात मी त्रिकोणाखेरीज कशाचं वर्णन केलेलं नव्हतं. पण केलं. "आभाळाला रंग असा नाहीच. धुतलेल्या निळ्या युनिफॉर्मसारखं झालंय. पाणी त्याच रंगाचं, कुठे आभाळ संपतं ते कळत नाही. जहाजं काळी. माणसं आता जास्त उठून दिसतात."

"मानसं दिसतात?"

"हो. सहा आहेत. एक जण बाकीच्यांपासून लांब उभा आहे."

"हे मले कवाच दिसलं नव्हतं," ते म्हणाले. "लालाच्या नादात राह्यलो." मग जरा थांबून, "अन् कसं वाटते?"

मी खरं ते सांगितलं. "थंड वाटतं, सर. सगळे निघून गेल्यावर शाळेत वाटतं तसं."

त्यांनी काचेवरून पुन्हा एकदा बोटं फिरवली. मग फ्रेम माझ्या हातात परत दिली. "शाळेत लावा. निळं हाय म्हनून सांगा. पुसलं कोनी तं लाल होतं म्हनूनही सांगा." चहा आला. आम्ही प्यायलो. पोरांची एकेकाची चौकशी झाली, तेल्हाऱ्याच्या मुलीची जास्त. निघताना मी नको म्हणत असता ते फाटकापर्यंत आले.

त्यानंतर सर फार दिवस राहिले नाहीत. ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी कोपऱ्यावर दोन ऑटो उभे होते. मी डावीकडच्या ऑटोत बसले. सरांनी हात वर केला आणि हलवला, अगदी मनापासून, पण उजवीकडच्या ऑटोला. त्यात एक अनोळखी बाई पिशव्या लावत बसली होती. तिनेही गोंधळून हात हलवला. माझा ऑटोवाला म्हणाला, "चला का, मॅडम?" मी त्याला थांब म्हणाले. मग ऑटोतून अर्धी बाहेर वाकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले, "सर, तिकडे नाही! मी इकडे आहे, इकडे, डावीकडे!"

ते वळले. हात वरच होता.