नवरीचं पाणी आणि लेस्लीचा ट्रक

माणसं माणसांवर जळतात. मी गेली अकरा वर्षं एका ट्रकवर जळतो आहे.

ट्रक माझ्या धाकट्या भावाचा, लेस्लीचा. म्हणजे मुळात पापांचा. बोरीवलीतल्या आमच्या गावठाणातल्या निम्म्या घरांच्या विटा त्याच ट्रकने वाहिल्या. पुढे लांबलचक नाक, दोन गोल दिवे, आणि सुरू करायचा तर समोरून लोखंडी हँडल घालून गरकन फिरवायचं. पापा गेल्यावर वाटणीत शेवटी दोन गोष्टी उरल्या, रस्त्याकडची पुढची खोली आणि हा ट्रक. थोरला म्हणून निवडायचा पहिला मान माझा. मी हसून म्हणालो, "खोली मला. ते भंगार लेस्लीला देऊन टाका." (हे मी सगळ्या नातेवाइकांसमोर, मोठ्याने म्हणालो. अजून एकही जण ते विसरलेला नाही!)

त्या खोलीकडे बघून आजवर कोणीही "वा!" म्हटलेलं नाही. तिचा फोटो काढायला कोणी थांबलेलं नाही. लेस्लीने मात्र दोन वर्षं ट्रकखाली उताणं पडून काढली. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात हिंडून एकेक पार्ट शोधला, नाकाला हिरवा रंग दिला, लाकडी फळ्यांना पॉलिश केलं. अजूनही दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की कपडे बदलून तो ग्रीसचा डबा घेऊन बसतो आणि त्या ट्रकशी बोलतो. "काय म्हाताऱ्या, आज गुडघे दुखतायत का?" त्याची बायको म्हणते, एवढी विचारपूस माझी बाळंतपणात झाली नव्हती.

मग गोरेगावच्या स्टुडिओतून ट्रकला बोलावणी येऊ लागली. जुन्या काळचं काही दाखवायचं असलं की चला, लेस्लीभाईंचा ट्रक! एकदा तर तो टीव्हीवर दिसला. अख्खं गावठाण आमच्या घरी जमलं, शेवया-खोबऱ्याचं गोड झालं, ट्रक दिसताच टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. हळू वाजवल्या.

ईर्षेने मी नवी कोरी पांढरी गाडी घेतली. मागे कॅमेरा, वर उघडणारं छप्पर, सगळं. आठ दिवसांनी शेजारचा डॉमनिक मला (माझं नाव लॉरी, दुर्दैवाने) विचारतो, "लॉरी, ती पांढरी गाडी कोणाची रे? आपल्या गेटसमोर कोणीतरी लावून गेलाय." आणि ज्या न्हाव्याकडे मी तीस वर्षं केस कापतो (आता कापण्यासारखे फारसे नाहीत, पण जातो), तो परवा गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देत होता, "हे ट्रकवाल्या लेस्लीभाईंचे भाऊ."

एवढं सगळं मी गिळलं. पण गेल्या वर्षी माझ्या मुलीचं, शर्लिनचं लग्न ठरलं, आणि एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "डॅडा, मला चर्चला ट्रकमधून जायचंय. लेस्ली अंकल चालवणार."

माझ्या हातातला मासा ताटात पडला.

"ट्रकमधून? आपल्या गाडीला काय झालं?"

"आपली गाडी चांगलीय ना डॅडा. पण ती सगळ्यांकडेच असते."

"आणि बाप? तो काय टपावर बसणार?"

माझी बायको ग्रेसी शांतपणे काटे काढत म्हणाली, "तू चालव मग."

तिने हे चेष्टेत म्हटलं होतं. पण मी ताठ बसलो. का नाही चालवणार? पापांनी मला लेस्लीच्याही आधी ट्रक शिकवला होता! (खरं सांगायचं तर मी सहा वर्षांचा असताना पापा मला मांडीवर घेऊन बसायचे आणि मी हॉर्न वाजवायचो. पण हॉर्न मी उत्तम वाजवायचो.)

दुसऱ्या दिवशी मी लेस्लीला सांगितलं, नवरीला चर्चला तिचा बाप नेणार. लेस्ली ग्रीसचे हात पुसून पुन्हा ट्रकखाली शिरला. शेवटी शर्लिननेच तोड काढली. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. त्या मिरवणुकीत ट्रक मी चालवायचा. नीट नेला आणि नीट आणला, तर लग्नाच्या दिवशीही मीच. नाहीतर लेस्ली अंकल.

"मंजूर," मी म्हणालो.

लेस्लीने मला सूचना द्यायला घेतल्या. त्याला सूचना द्यायची वाईट खोड आहे. "हे बघ लॉरी, गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा. ब्रेक आधी दोन वेळा पंप करायचा, मग लागतो. आणि बँडच्या मागे पायी चालीने जाताना म्हातारा तापतो, त्याला वारा लागत नाही. दर पाच मिनिटांनी बंद करायचा, बॉनेट उघडायचं. पाण्याचे दोन कॅन..."

"माहितेय रे मला."

"सीटखाली आहेत. निवल्याशिवाय..."

"लेस्ली, हा माझ्या बापाचा ट्रक आहे!"

"माझा पण तोच बाप होता," लेस्ली म्हणाला आणि निघून गेला.

मिरवणुकीच्या दिवशी मी सगळ्यांत आधी सीटखालचे ते दोन कळकट कॅन काढून गोठ्यामागे ठेवले. तिथे मला माझे नवे बूट ठेवायचे होते. उतरल्यावर फोटोसाठी घालायचे म्हणून!

संध्याकाळी पाच वाजता बँड आला. लुगडी नेसलेल्या, अंगभर सोनं घातलेल्या मावश्या जमल्या. ज्यांना चालवत नाही अशा सात म्हाताऱ्या ट्रकच्या मागे खुर्च्यांवर बसल्या. त्यांची पुढारी फिलू मावशी, वय ऐंशीच्या पुढे, आवाज विशीतला. मी हँडल घातलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. हँडलने उलटा हिसका दिला आणि मी दोन पावलं मागे डॉमनिकच्या अंगावर. सातव्या वेळेला फिलू मावशी वरून ओरडली, "अरं लॉरी, लगीन उद्या हाय नं? तवर तरी होईल का चालू?"

लेस्ली गळ्यात घुमट, म्हणजे आमचं मडक्यासारखं वाद्य, अडकवून वाजवायला उभा होता. तो पुढे आला, एका हाताने हँडलला अर्धा फेरा दिला, ट्रक गुरगुरला, आणि तो परत घुमट वाजवायला गेला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पण एकदा सीटवर बसलो आणि मी वेगळाच माणूस झालो! केवढं ते स्टिअरिंग! खिडक्यांतून लोक हात हलवत होते, पोरं मोबाइल धरून उलटी चालत होती, आणि तो न्हावी दुकानाबाहेर येऊन चक्क वाकला. मी राजासारखा हात हलवत होतो. दर पाच मिनिटांनी बंद कर म्हणे! बंद केला तर चालू करायला कोणाला बोलावू, लेस्लीला? मी एकदाही बंद केला नाही. विहिरीवर मावश्या पाणी भरत होत्या तेव्हासुद्धा इंजिन धडधडतच ठेवलं. समोरचा तापमानाचा काटा जागचा तसूभर हलत नव्हता, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होतो. (तो काटा माझ्या जन्माआधीच बंद पडलाय, हे मला नंतर कळलं.)

तीन कळश्या भरल्या, गाणी झाली, कळश्यांवर पांढरी फडकी बांधून त्या ट्रकमध्ये फिलू मावशीच्या पायाशी ठेवल्या आणि आम्ही परत निघालो. आता बँड रंगात आला होता. प्रत्येक मावशीच्या घरासमोर थांबून एकेक गाणं, आणि आमच्यात मावश्यांची कमी नाही. नवव्या मावशीच्या दारात ट्रकच्या नाकातून शिट्टी ऐकू आली. मग वाफ. मग इतकी वाफ की मला बँड दिसेना.

"जळला! ट्रक जळला!" मागे सातही म्हाताऱ्या ओरडल्या.

आरशात मला लेस्ली दिसला. मिरवणुकीच्या शेपटीकडून घुमट सांभाळत तो गर्दीतून धावत येत होता. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला आगीची भीती वाटली नाही, म्हाताऱ्यांची काळजी वाटली नाही. मनात एकच होतं, लेस्ली पोचायच्या आत हे आटोपायला हवं. उद्याचं स्टिअरिंग हातचं चाललं होतं!

माझ्या बाजूला गर्दी होती म्हणून मी सीटवरून सरकून डावीकडचं दार ढकललं, खाली उडी मारली, बॉनेट उघडलं, खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. झाकण जे उडालं ते थेट बँडच्या मोठ्या ढोलावर जाऊन बसलं, ढम्! बँडवाल्यांना वाटलं नव्या गाण्याची फर्माईश आली. त्यांनी जोरात नाचाचं गाणं सुरू केलं आणि वाफेत अर्धी वरात नाचायला लागली.

पाणी! सीटखाली हात घातला तर माझे नवे बूट. मी मागे धावलो. फिलू मावशीच्या पायाशी तीन भरलेल्या कळश्या! सुटलो रे बाबा, म्हणत मी फडकं फाडलं आणि पहिली कळशी ओतली. मग दुसरी. ट्रकने चर्र आवाज केला. तिसरी रिकामी होतेय तोवर लेस्ली पोचला.

"लॉरी, थांब! तापलेल्या इंजिनात गार पाणी घालतात का? तडकेल ना ते!"

"नाही तडकलं!" मी विजयाने म्हणालो.

लेस्लीचं लक्ष माझ्या हातातल्या कळशीकडे गेलं. तिच्या गळ्यात अजून फुलांची माळ होती.

"लॉरी, हे पाणी कुठलं?"

बँड आपोआप थांबला. माझी बायको कपाळाला हात लावून मावशीच्या पायरीवर बसली. शर्लिन माझ्याकडे बघत राहिली. आणि वरून, त्या शांततेत, फिलू मावशीचा आवाज आला, "चला, ट्रकची आंगोळ झाली. आता उद्या फादरला सांगा, त्याचंच लगीन लावा!"

पुन्हा विहिरीवर जाण्यावाचून इलाज नव्हता. पण आमची ती विहीर आता एका टॉवरच्या कंपाउंडात आहे आणि सोसायटीने आम्हाला पाच ते सात एवढीच परवानगी दिली होती. मी धावत, घामाघूम, अनवाणी (बूट सीटखालीच!) गेटवर पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सेक्रेटरी मेहताभाई स्वतः कुलूप लावत होते.

"टाइम म्हणजे टाइम, भाई."

"मेहताभाई, माझ्या पोरीचं लग्न आहे हो! मी नवरीचा बाप आहे!"

"बाप असू दे. रूल सर्वांना सेम."

मी हात जोडले. उद्या सोसायटीच्या झाडांना पाणी घालीन म्हणालो. अर्धा तास विनवण्या केल्या, मेहताभाई हलेनात. तेवढ्यात मागून ओळखीची धडधड ऐकू आली. लेस्लीने ट्रक निववला होता, गोठ्यामागचे कॅन शोधून आणून ओतले होते आणि पुन्हा तोच अर्धा फेरा देऊन चालू केला होता. मेहताभाईंचे डोळे एवढे मोठे झाले.

"हा तो टीव्हीवाला ट्रक? अरे, आधी बोलायचं ना! लेस्लीभाई, मला एकदा हँडल मारू द्याल?"

लेस्लीने इंजिन बंद केलं, मेहताभाईंनी हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्यात चालू! (माझी सात वेळा!) मग कुलूप उघडलं, सोसायटीचे सगळे दिवे लागले, टॉवरमधल्या बायका खाली येऊन पाणी भरायला मदत करू लागल्या. गर्दीत कोणीतरी मला म्हणालं, "जरा बाजूला व्हा ना अंकल, ट्रक फोटोत येत नाहीये."

घरी मी ट्रकच्या मागून, अनवाणीच चालत आलो. जे हरायचं ते हरलो होतो, आणि हरलो ते लेस्लीमुळे नाही, माझ्याच जळकेपणामुळे, हेही मला कळत होतं. कळून मला काडीचंही बरं वाटलं नाही.

सकाळी शर्लिन पांढऱ्या गाऊनमध्ये बाहेर आली. लेस्ली सूट घालून स्टिअरिंगवर बसलेला. मी निमूटपणे माझ्या पांढऱ्या गाडीकडे वळलो, तेव्हा ती म्हणाली, "डॅडा, तिकडे कुठे? तू माझ्या बाजूला."

मी चढलो. मध्ये शर्लिन, पलीकडे लेस्ली, अलीकडे मी. आणि मग लेस्ली हळूच वाकून म्हणाला, "लॉरी, काल तू उडी मारलीस ना, तेव्हा त्या दाराची कडी तुटली. चर्चपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून बस हां. सोडलंस तर दारासकट बाहेर जाशील."

अल्बममधला सगळ्यात सुंदर फोटो तोच आहे. लेस्ली ऐटीत चालवतोय, शर्लिन हसून हात हलवतेय, आणि मी दाराला कवटाळून, डोळे गच्च मिटून, ओठ चावत बसलोय. घरी कोणीही आलं की तो फोटो बघून हळहळतं, "मुलगी सासरी जाताना बापाचं काळीज कसं तुटतं बघा!"

मी खाली मान घालून "हो" म्हणतो. मुलीसाठी रडायचं मी चर्चमध्ये पोचल्यावर सुरू केलं. फोटोतला तो चेहरा दाराच्या भीतीचाही नाही; लेस्लीने त्याच क्षणी न अडखळता तिसरा गिअर टाकला, त्याचा आहे.